चार फुटी रीफ टाकीला सम्प केवढा असावा आणि रेफ्युजियमला किती जागा द्यावी?

आपण विचारले आहे की चार फुटी रीफ टाकीखाली (खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांच्या टाकीखाली) अ‍ॅक्रिलिकचा तयार सम्प (टाकीचे पाणी ज्यात उतरते आणि पंपाने पुन्हा वर जाते तो खालचा हौद) घ्यावा की काचेचा करून घ्यावा, आणि त्यात रेफ्युजियमला, म्हणजे शेवाळ वाढवायच्या कप्प्याला, किती जागा सोडावी. काच की अ‍ॅक्रिलिक हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. काचेचा करा, तालुक्याचा काचवाला मापाने कापून देतो. खरा प्रश्न असा आहे की वीज गेल्यावर वरच्या टाकीतून किती पाणी खाली येणार आणि ते मावणार कोठे. हा हिशेब मी घरच्या कापसाच्या मोलाने शिकलो.

आमचे गाव दर्यापूर तालुक्यातले. टाकी समोरच्या खोलीत होती आणि भाव वाढेल या आशेवर राखून ठेवलेला कापूसही त्याच खोलीत होता. टाकी १२० × ४५ × ४५ सेंटिमीटरची. शहरातल्या एका दुकानदाराने ‘हेच माप सगळे नेतात’ असे सांगून दिलेला सम्प ७५ × ३० × ३० सेंटिमीटरचा, आणि त्यात पाणी २० सेंटिमीटरपर्यंत. परतीच्या, म्हणजे पंपाचे पाणी वर सोडणाऱ्या, पाइपाचे तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली ८ सेंटिमीटर बुडालेले होते. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली, पंप थांबला आणि त्याच पाइपातून पाणी उलटे खाली उतरू लागले. १२० × ४५ च्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की ५.४ लिटर पाणी कमी होते. आठ सेंटिमीटरचे ४३ लिटर झाले. सम्पात रिकामी जागा जेमतेम २२ लिटरची होती. उरलेले वीस-एकवीस लिटर फरशीवरून ढिगाच्या खालच्या थरात शिरले. तो कापूस उन्हात वाळवला, तरी मिठामुळे हाताला ओलसर लागत राहिला आणि व्यापाऱ्याने त्याचा वेगळा, पडता भाव लावला. पहाटे वीज आल्यावर आणखी एक गोष्ट घडली. पातळी उतरली की ड्रममधले पाणी आपोआप सोडणाऱ्या फ्लोटने, सांडलेल्या खाऱ्या पाण्याची भरपाई गोड्या पाण्याने केली आणि क्षारतेचे माप १.०२५ वरून १.०२३ वर आले. झिनिया या मऊ प्रवाळाचे सगळे हात दुपारपर्यंत मिटलेले होते.

त्या दिवसापासून आमच्या मोठ्या भावाशी माझा वाद चालू आहे. दादांचे म्हणणे एकच: ‘अबे, विहिरीच्या मोटरले फूटवाल अस्ते का नाई? मंग तुह्या हौदाले काऊन नाई?’ त्यांनी मोटारीच्या दुकानातून पाणी उलटे येऊ न देणारा पितळी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणूनही दिला होता. पितळेत तांबे असते आणि समुद्राच्या पाण्यात उतरलेले तांबे प्रवाळांना व गोगलगायींना मारते, हे मी तेव्हाही सांगितले होते. प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह घेतला तरी त्याच्या पडद्यावर चुन्याचा थर बसतो, एखादी गोगलगाय अडकते, आणि नेमका नको त्या रात्री तो उघडा राहतो. विहिरीतल्या फूटव्हॉल्व्हमध्ये खडा अडकला की बादलीने पाइप भरत बसणारे दादाच असतात. त्यांना हे पटायला हवे होते. परतीच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली एक छिद्र पाडा. पातळी तेवढी उतरली की पाइपात हवा शिरते आणि उलटा प्रवाह तुटतो. छिद्रावर शेवाळ धरते, म्हणून मी दर रविवारी ते बाभळीच्या काट्याने मोकळे करतो. मात्र सम्पाचे माप ठरवताना हे छिद्र बुजलेले आहे असेच धरावे आणि पाइपाचे तोंडही जमेल तितके वर ठेवावे.

रेफ्युजियमला सम्पाचा साधारण तिसरा हिस्सा पुरेसा आहे, पण तो वीज गेल्यावर उतरणाऱ्या पाण्यासाठी वर राखलेल्या रिकाम्या जागेतून काढू नये. त्यात कीटोमॉर्फा हे तारेसारखे शेवाळ ठेवा. कॉलर्पा (दुसरे एक शेवाळ) सुंदर दिसते, परंतु ती कधीतरी एका रात्रीत जननपेशी सोडून पांढरी पडते आणि पाणी दुधासारखे गढूळ करते. रेफ्युजियमचा दिवा टाकीच्या दिव्याच्या उलट वेळी, म्हणजे रात्री लावावा. त्यामुळे रात्री सामू (पीएच) कमी घसरतो. शेवाळाने शोषलेले नायट्रेट आणि फॉस्फेट आपण मूठभर शेवाळ काढून बाहेर टाकतो तेव्हाच टाकीतून जातात. नुसते हिरवे पाहत बसल्याने काही होत नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार परतीच्या, म्हणजे पंप असलेल्या, कप्प्यात करावा लागतो, कारण बाष्पीभवनाने पातळी तेथेच उतरते. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत सम्पावर लावलेला साधा पंखा पाणी तीन-चार अंशांनी थंड ठेवतो (पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही), पण माझ्याकडे त्यापायी दिवसाला सहा-सात लिटर पाणी उडते. म्हणून तो कप्पा रुंद ठेवा आणि कूलरचा प्लॅस्टिकचा फ्लोट तेथे बसवा. त्याच्या ड्रममध्ये एका वेळी दहा लिटरांहून जास्त पाणी ठेवू नका. भरपाईचे पाणी बिनमिठाचेच हवे. ‘तुमच्या बोअरलाच खारे पाणी आहे, मग मीठ विकत कशाला?’ असे मला सगळे विचारतात. पण खारपाणपट्ट्यातल्या पाण्यातले क्षार समुद्राच्या प्रमाणात नसतात. मी आरओचे पाणी वापरतो आणि पावसाळ्यात स्लॅबवरचे धरतो. टिनाच्या पत्र्यावरचे धरू नये, त्यात जस्त उतरते.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. टाकी दोन फुटांहून लहान असेल, तर सम्पाच्या भानगडीत पडू नका. आणि प्रवाळ घेताना बिल मागा. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि ते काढणे किंवा विकणे गुन्हा आहे.

सम्प बसवल्यावर दिवसा, आपण समोर असताना, मुख्य बटण बंद करून पाणी कोठवर चढते ते पाहा आणि काचेवर खूण करा. काचवाल्याकडे जाण्यापूर्वी स्टँडच्या दोन पायांमधले अंतरही मोजा. माझा दुसरा, ९० × ४० × ४० चा सम्प दोन दिवस अंगणात पडून होता, कारण स्टँडचा पुढचा पाय कापून बाजूला जोडल्याशिवाय तो आत जाईना. ते वेल्डिंग दादांनीच केले, आणि करताना व्हॉल्व्हचा विषय पुन्हा काढला.