दुधाच्या कॅनमधला बुळबुळीत थर आणि हळदीचं पाणी

प्रश्न (महिला बचत गट, वाळवा तालुका): मॅडम, आमचं पनीर आणि लस्सीचं छोटं युनिट आहे. कॅन रोज घासतो, तरी संध्याकाळचं दूध सकाळपर्यंत आंबूस होतं. दोनदा तापवताना फाटलं. हळद, लवंग, कडुनिंब यांनी भांड्यातला जंतूंचा थर निघतो असं मोबाईलवर पाहिलं. केमिकल नको म्हणून आता कॅन हळदीच्या पाण्यानं विसळतो. हे बरोबर आहे का?

उत्तर: ताई, मागच्या आठवड्यात तुमच्या शेडवर आले तेव्हा कॅन बाहेरून लख्ख होते. पण झाकणाचं वायसर नखानं उचकटलं, तर त्याखाली पिवळसर, शेंबडासारखा ओला थर निघाला. त्याला आंबट वास होता. कॅनच्या गळ्याखाली, जिथं हात वळत नाही, तिथंही बोट सर्रकन घसरलं. तुमचं दूध तिथं नासतंय. दूध घालणाऱ्यांना बोल लावू नका.

या थराला बायोफिल्म म्हणतात. जिवाणू धातूला नाहीतर रबराला चिकटतात आणि स्वतःभोवती साखर-प्रथिनांचा चिकट गिलावा करतात. विहिरीच्या पायरीवर पाय घसरतो तो बुळबुळीतपणा याच जातीचा. पाण्यात मोकळे फिरणारे जिवाणू ज्या औषधानं मरतात, तेच औषध या गिलाव्याच्या आत पोचत नाही. मग होतं असं, की रिकाम्या कॅनमध्ये ताजं दूध ओतलं की थरातले थोडे जिवाणू सुटून दुधात उतरतात. कोमट दुधात त्यांची संख्या साधारण २० मिनिटांत दुप्पट होऊ शकते, म्हणजे ३ तासांत एकाचे पाचशेवर. फ्रिजचाही पूर्ण भरवसा नाही. स्यूडोमोनास नावाचा जिवाणू थंडीतही वाढतो आणि त्याचे पाचक रस दूध उकळलं तरी पुरते मरत नाहीत, त्यामुळं चव कडवट होते. लिस्टेरियाही फ्रिजमध्ये वाढतो, आणि तो गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतो. म्हणून हा विषय मी फक्त दूध फाटण्यापुरता धरत नाही.

आता हळदीचं. मोबाईलवर पाहिलंत ते सगळं खोटं नाही. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, दालचिनीतलं सिनामाल्डिहाइड, गवती चहातलं सिट्रल आणि हळदीतलं कुर्क्युमिन, या सगळ्यांवर प्रयोगशाळांत भरपूर काम झालंय. ओव्या-लवंगेचे घटक जिवाणूच्या पातळ आवरणाला भोकं पाडतात. दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो. जिवाणू एकमेकांना रासायनिक खुणा पाठवतात, आणि ‘आपण पुरेसे जमलो’ असं कळलं की गिलावा जोरात घालायला लागतात. यातले काही घटक त्या खुणांमध्येच अडथळा आणतात. जिवाणू मेला नाही तरी थर नीट बसत नाही.

पण त्या प्रयोगांत शुद्ध घटक मोजून घेतलेला असतो, तो विरघळवून किंवा अतिसूक्ष्म थेंबांत फोडून वापरलेला असतो. तुमच्या बादलीत तसं काही होत नाही. कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. हळद तळाशी बसते आणि पाणी नुसतं पिवळं दिसतं. त्यात सोडा घातला तर आणखी वाईट. हळदीत चुना पडला की कुंकू होतं, हे आपल्याला ठाऊक आहेच. क्षारात हळद लाल होते आणि कुर्क्युमिन भराभर मोडतं. शिवाय दळलेल्या मसाल्यांत मातीतून आलेल्या जिवाणूंचे बीजाणू बरेचदा असतात, आणि ते उकळूनही टिकतात. म्हणजे धुवायला म्हणून नेलेलं पाणी कॅनमध्ये नवं बी पेरून येऊ शकतं. हळदीचं विसळणं आजपासून बंद करा. कडुनिंबाचा पाला कॅनमध्ये नकोच, कडूपणा दुधाला लागतो. लवंगेचं तेल रबराला लागलं तर वास लवकर निघत नाही. आणि दुधात यातला एक थेंबही टाकायचा नाही, ती भेसळ होते.

आपल्या आज्या दुधाचं भांडं राखेनं, काथ्यानं घासून उन्हात पालथं घालायच्या. राख क्षारयुक्त, काथ्या खरखरीत, ऊन कोरडं करणारं. थर मोडायला या तीन गोष्टी लागतात, आणि त्यांची जागा कुठलाही अर्क घेत नाही.

तर असं करा. दूध ओतलं की लगेच साध्या पाण्यानं कॅन विसळा. सुरुवातीलाच कढत पाणी नको, प्रथिनं शिजून पत्र्याला बसतात. मग हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात लिटरला १० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून, हातमोजे घालून, लांब दांड्याच्या ब्रशनं घासा. गळ्याखाली आणि तळाच्या कोपऱ्यात जास्त वेळ द्या. वायसर रोज काढून वेगळं घासायचं. चिरलेलं असेल तर बदला, तो खर्च टाळू नका. तारेची घासणी फेकून द्या, तिच्या ओरखड्यांतच पुढचा थर बसतो. नंतर भरपूर पाण्यानं धुवा.

तुमच्या बोअरचं पाणी जड आहे, त्यामुळं आतून पांढरट खडबडीत कवच धरलंय. त्यासाठी आठवड्यातून एकदा लिंबूसत, लिटरला १० ग्रॅम, कोमट पाण्यात १५ मिनिटं ठेवून घासा. चिंचेचं पाणी नको, त्यातली साखर मागं राहते.

शेवटी निर्जंतुक करणं. दूध भरायच्या आधी ८० अंशांवरचं पाणी ५ मिनिटं, किंवा ४ टक्के हायपो (सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं द्रावण) लिटरला ५ मिली घालून २ मिनिटं, मग पूर्ण निथळू द्या. घाण शिल्लक असेल तर हायपो तिच्यावरच खर्ची पडतं, म्हणून घासणं आधी. हायपो आणि लिंबूसत एकत्र कधीही करू नका, क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. हे सगळं स्टीलच्या कॅनसाठी आहे. ॲल्युमिनियमला सोडा आणि हायपो दोन्ही खातात. धुतलेला कॅन जमिनीवर नाही, मांडणीवर पालथा ठेवा. रात्रभर ओला आणि झाकण लावून ठेवलेला कॅन म्हणजे बायोफिल्मचा वाफाच.

पारखायची एक सोपी युक्ती: औषधाच्या दुकानातलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड धुतलेल्या, कोरड्या वायसरवर दोन थेंब टाका. फेस आला तर काहीतरी शिल्लक आहे. फेस आला नाही म्हणजे मात्र शंभर टक्के स्वच्छ असं समजू नका. तपासल्यावर वायसर पुन्हा धुवा.

केमिकल नको ही तुमची भावना मी समजते. वनस्पतीपासून केलेलं तयार जंतुनाशक घ्यायचं असेल, तर अन्नाच्या भांड्यांसाठी मान्य, प्रमाण आणि किती मिनिटं ठेवायचं, हे डब्यावर लिहिलेलं असेल तेच घ्या, आणि घासून झाल्यावरच वापरा. नुसतं ‘नैसर्गिक’ लिहिलेलं पुरत नाही.

प्रश्न (बेदाणा उत्पादक, तासगाव): क्रेट चिकट होतात, रिठ्यानं धुतले तर चालतील का?

उत्तर: चालतील दादा. रिठ्याचा फेस तेलकटपणा काढतो, पण नंतर स्वच्छ पाण्यानं नीट धुवा आणि उन्हात वाळवा. कोरड्या बेदाण्यात जिवाणू सहसा वाढत नाहीत. जास्त लक्ष धुण्याच्या टाकीकडं आणि पट्ट्याकडं द्या, तिथं साखर आणि ओल दोन्ही असतात. टाकीचं पाणी दिवसभर तेच ठेवू नका.

प्रश्न (हळद उत्पादक, मिरज तालुका): हळदीच्या अर्काला एवढी मागणी असेल तर आम्हाला काय फायदा?

उत्तर: सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. अर्क काढणारा मात्र आधी कुर्क्युमिनचा टक्का विचारतो, म्हणून विक्रीआधी नमुना तपासून घ्या. बेण्यासाठी कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्रात चौकशी करा. काढणीनंतरचा पालाही टाकाऊ नाही, त्यातून वाफेवर तेल निघतं. आणि शिजवलेली हळद सारवलेल्या खळ्यावर वाळत घालू नका, शेणातले जंतू तिला चिकटतात. स्वच्छ ताडपत्री किंवा सिमेंटचा ओटा वापरा, रात्री झाका.