आवराआवर जपलेल्या वस्तूंपासून सुरू करावी

“मॅडम, घर आवरायला काढलं की आमच्याकडे भांडणच होतं,” हे वाक्य लातूरमधील माझ्या समुपदेशनाच्या खोलीत, विशेषतः दिवाळीच्या आधी, इतक्यांदा ऐकू येते की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. बोलणारी कधी सून असते, कधी मुलगा, तर कधी घरातील ज्येष्ठ बाई स्वतः. टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही, ही खरी अडचण असते. हे उत्तर मी एका प्रकरणाच्या आधारे देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पासष्टीच्या या काकूंना मुलगा घेऊन आला होता. पतीच्या निधनानंतर जुने घर सोडून अंबाजोगाई रोडवरील दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचे ठरले होते; पण काकूंच्या खोलीत पाण्याचे निळे ड्रम, गोड्या तेलाचे रिकामे डबे, लग्नातील पितळी भांडी, पतीची धोतरे आणि दवाखान्याच्या फायली एकावर एक रचलेल्या होत्या. मुलाने एके दिवशी दोन पोती परस्पर भंगारात दिली, तेव्हापासून मायलेकांचे बोलणे बंद होते.

ड्रमांविषयी विचारल्यावर काकू म्हणाल्या, “नळाला पाणी कवा येईल याचा भरवसा हाय का?” २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात या प्रश्नाला वेडगळपणा कसे म्हणावे? ज्यांनी १९७२चा दुष्काळ लहानपणी पाहिला, त्यांच्यासाठी साठवून ठेवणे हा शहाणपणाच होता, हे मी त्यांच्यासमोरच मुलाला सांगितले. आपली बाजू कोणीतरी मांडली हे जाणवताच काकू पदर सावरून नीट टेकून बसल्या. विश्वास तिथून सुरू झाला, असे मी मानते.

घरातील प्रत्येक जण त्यांना “यातलं नको ते सांगा” असे म्हणत होता. मी तो प्रश्न मुद्दाम टाळला आणि म्हटले, “पुढच्या वेळी येताना तुम्हाला सगळ्यांत जवळची वाटणारी एकच वस्तू घेऊन या.”

पुढच्या वेळी त्या रिकाम्या हातांनी आल्या. “सापडंना,” एवढेच म्हणाल्या. त्यानंतरच्या भेटीत मात्र त्यांनी पिशवीतून एक पितळी चरवी काढून टेबलावर ठेवली. काठाला एका बाजूने खोल पोचा होता, कल्हई पार उडाली होती आणि गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी एक नाव कोरलेले होते. काकूंचे माहेर किल्लारीजवळच्या गावातील. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर गाव झोपेत असताना झालेल्या भूकंपात दगडमातीचे ते घर कोसळले. “घरातून एवढीच निघाली, मॅडम. बापाचं नाव हाय तिच्यावर.”

“मग ती कुठे होती?”

“डब्यांच्या खाली.” त्या बराच वेळ त्या पोच्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. “एवढं समदं जपून ठेवलं, अन् हीच हाताला लागंना.”

ही जाणीव त्यांची त्यांना झाली, आणि माझ्या दृष्टीने सर्व भेटींचे सार त्या एका वाक्यात होते. मी विवेकनिष्ठ विचारपद्धती मानणारी समुपदेशक आहे. वस्तूपेक्षा वस्तूमागचा विचार तपासावा, असे मला वाटते. काकूंचा विचार असा होता की एक वस्तू गेली की सगळेच जाईल. त्या विचारामागे एक खरी, भयंकर रात्र उभी होती, म्हणून तो खोडून काढण्याची घाई मी केली नाही. फक्त विचारले, “तेलाचा डबा गेला, तर ही चरवी जाईल का?”

“डबा तो डबाच की,” काकू म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

पुढचे काम त्यांनीच केले. चरवीला कल्हई करून घेतली आणि ती देवघराशेजारी ठेवली. धोतरांपैकी एक तसेच ठेवून बाकीच्यांची वाकळ शिवून घेतली. पितळी भांड्यांतील काही लेकीला, काही सुनेला स्वतःच्या हाताने दिली. उरलेली मोडीत घालताना मुलगा सोबत होता. डबे गेले. दोन ड्रम मात्र फ्लॅटच्या गॅलरीत आले, आणि ते यावेत असा माझाही आग्रह होता.

अशाच अडचणीत असलेल्यांना माझे सांगणे असे की, आवराआवर टाकण्यापासून सुरू करू नये. आधी जपायचे ते शोधावे, त्याला घरात दिसेल अशी जागा द्यावी, जमल्यास वापरात आणावे. मग उरलेल्या पसाऱ्याकडे मन बऱ्याच मोकळेपणाने पाहू शकते. एकाच माणसाच्या वीस वस्तू असतील तर आठवण त्या विसांतही असते आणि नीट निवडलेल्या एकीतही असते. पण ती एक निवडायचा हक्क ज्याची आठवण त्याचाच. वस्तू देताना ती कोणाची, कुठून आली, हे घेणाऱ्याला तोंडी सांगावे, कारण पुष्कळदा माणसाला वस्तूपेक्षा तिची हकिकत हरवण्याची धास्ती असते. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, हा सल्ला तरुणांना पुरतो. ज्यांचे हात त्या भांड्याला सरावलेले आहेत त्यांना तो सहसा पुरत नाही. दुःख ताजे असताना कपड्यांना हात लावण्याची सक्ती करू नये. आणि मुलांनो, आईच्या माघारी काहीही भंगारात देऊ नका. त्यातून मोकळी झालेली जागा ती दुप्पट भरून काढते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

एक मर्यादा मात्र ओळखावी. चूल पेटवायला, अंथरूण घालायला किंवा दारातून ये-जा करायलाही जागा उरली नसेल आणि कचरा टाकण्याच्या कल्पनेनेही जीव कासावीस होत असेल, तर तो साठवणुकीचा विकार असू शकतो. अमेरिकेतील मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात २०१३पासून त्याची स्वतंत्र नोंद आहे. अशा वेळी घरच्यांनी वाद न घालता मनोविकारतज्ज्ञांकडे जावे, आणि रुग्णाला त्याची कल्पना आधी द्यावी.