जर्मनीत डबल बास वाजवायला जायचंय? मग शिकवायचीही तयारी ठेव

तुझा मेसेज दोनदा वाचला. इंजिनियरिंग झालंय, कॉलेजच्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचास, मग डबल बासच्या, म्हणजे व्हायोलिनच्या जातीतल्या त्या सगळ्यात मोठ्या वाद्याच्या नादाला लागलास, ग्रेड एट म्हणजे ग्रेडच्या परीक्षांमधली शेवटची झाली आणि आता विचारतोयस की ताई, जर्मनीत मास्टर्स करून तिथल्या ऑर्केस्ट्रात नोकरी लागेल का आणि नाहीच लागली तर काय. मी मूळची गिरगावची, आता बरीच वर्षं इथे जर्मनीत आहे, आठवड्यातले काही दिवस ऑर्केस्ट्रा आणि बाकीचे म्युझिक स्कूलमध्ये शिकवणं असं चालतं, म्हणून दोन्ही बाजूंनी सांगते.

आधी मास्टर्सचं डोक्यातून काढ. संगीताची बॅचलर डिग्री नसेल तर होखशूलेमध्ये, म्हणजे इथल्या संगीत विद्यापीठांत, मास्टर्सला घेत नाहीत, आणि ग्रेड एट म्हणजे बॅचलर नव्हे, धोबी तलावच्या दुकानात तुला कोणी काहीही सांगितलेलं असो. म्हणजे परत पहिल्यापासून, बॅचलर, चार वर्षं. घरी हे आत्ताच सांगून टाक, नंतर सांगितलंस तर बाबांचा आवाज जास्त चढेल. बी.ई.चा उपयोग एवढाच की बारावीच्या मार्कांवरून शैक्षणिक पात्रतेचा घोळ होत नाही. खरी परीक्षा प्रवेशाची असते, तिथे प्रत्यक्ष वाजवून दाखवायचं, एखादा एट्यूड म्हणजे सरावाचा तुकडा, कॉन्सर्टोची एक मूव्हमेंट म्हणजे एक भाग, आणि शिवाय थिअरी, इअर ट्रेनिंग (कानाने सूर-ताल ओळखणं) आणि थोडाफार पियानो. आपली मुलं वाजवण्यात पास होऊन इअर ट्रेनिंगमध्ये उडतात, कारण आपल्याकडे कोणी ते रोज करून घेत नाही. पियानो येत नसेल तर उद्यापासून सुरू कर, फार नाही लागत पण काहीच नाही असं चालत नाही.

आता बो, म्हणजे वाजवायचा गज. तू पाठवलेल्या व्हिडिओत फ्रेंच बो आहे, चेलोसारखा वरून धरलेला. जर्मनी आणि ऑस्ट्रियात जवळपास सगळे जर्मन बो वापरतात, म्हणजे तळहात खालून. फ्रेंचवाल्यांना बंदी नाहीये, पण सेक्शनमध्ये सगळ्यांचा हात एका पद्धतीने चालतो आणि प्रोफेसरही त्याच पद्धतीने शिकवतो, त्यामुळे जर तिथेच राहायचं असेल तर बदल आत्ता कर, मुंबईत असतानाच, प्रवेश मिळाल्यावर नाही. पहिले काही महिने आवाज भयंकर येईल, शेजारी तक्रार करतील. आणि शहर बघून कॉलेज निवडू नकोस, प्रोफेसर बघून निवड, अर्ज करायच्या आधी ईमेल करून एक ट्रायल लेसन माग, बरेच जण देतात.

आता ऑर्केस्ट्राचं. मुंबईत आपल्याकडे नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, चांगला आहे, पण आख्ख्या देशात पूर्णवेळ पगारी सिंफनी ऑर्केस्ट्रा तो एकच, आणि त्यातही सीझनला बरेच वादक बाहेरून येतात. जर्मनीत सरकारी पैशावर चालणारे ऑर्केस्ट्रा अजून १३० च्या आसपास आहेत. ऐकायला भारी वाटतं ना? पण १९९२ मध्ये ते १६८ होते, पूर्व-पश्चिम एक झाल्यावर कित्येक बंद झाले किंवा एकमेकांत मिसळले. आणि मोठ्या ऑर्केस्ट्रात बास जेमतेम आठ, छोट्या शहरातल्या थिएटरमध्ये तीन-चार. एकदा जागा मिळाली की माणूस रिटायर होईपर्यंत हलत नाही, मग जागा निघणार कधी.

निघाली की प्रोबेश्पील, म्हणजे ऑडिशन. अर्ज खूप येतात, बोलावणं थोड्यांना. पहिल्या फेरीत बहुतेक ठिकाणी पडदा असतो, आणि वाजवायचं डिटर्सडॉर्फ नाहीतर वानहाल या जुन्या संगीतकारांचा कॉन्सर्टो, पहिली मूव्हमेंट कॅडेन्झासकट (म्हणजे एकट्याने वाजवायचा तुकडा), तेही बऱ्याचदा सोलो ट्यूनिंगमध्ये, म्हणजे सगळ्या तारा एक टोन वर. पुढच्या फेरीत बोटेसिनी किंवा कुसेविट्स्कीचा कॉन्सर्टो. मग ऑर्केस्ट्रातले उतारे, बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीतला ट्रिओ नावाचा भाग, नवव्या सिंफनीतलं रेसिटेटिव्ह (बोलल्यासारखी वाजणारी ओळ), मोत्सार्टची चाळीसावी सिंफनी, व्हर्दीच्या ओथेल्लो ऑपेरातला शेवटच्या अंकातला बासचा भाग, मालरच्या पहिल्या सिंफनीतला सोलो. हे सगळे उतारे लहान आहेत, काही तर मिनिटभराचे, पण त्या मिनिटात टेम्पो हलला की पुढच्याला बोलावतात. आणि कधीकधी दिवसभर ऐकून कोणालाच घेत नाहीत, घरी जा म्हणतात! जागा मिळाली तरी साधारण एक वर्ष ट्रायल, शेवटी ऑर्केस्ट्रातले लोकच मतदान करतात की हा राहणार की जाणार. मला हे क्रूर वाटत नाही, ज्यांच्या शेजारी तीस वर्षं बसायचंय त्यांनी ठरवणं बरोबरच आहे, पण तुझ्या व्हिसाला हे कळत नाही. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परमिट मिळतो, आणि बासची योग्य जागा त्या १८ महिन्यांत निघेलच असं कोणी लिहून देत नाही.

म्हणून माझं म्हणणं, शिकवण्याला प्लॅन बी म्हणू नकोस. बऱ्याच होखशूलेमध्ये वाजवण्याबरोबर पेडागोगीची, म्हणजे शिकवण्याची डिग्री करता येते, ती घे. इथे प्रत्येक बऱ्यापैकी गावात म्युझिक स्कूल असते, सहा-सात वर्षांची पोरं छोट्या साइझच्या बासवर सुरुवात करतात, बास पोरापेक्षा थोडा मोठा, बघायला धमाल असते. बासचे विद्यार्थी पियानो-व्हायोलिनइतके नसतात, म्हणून शाळांना डबल बास आणि बास गिटार दोन्ही शिकवणारा एकच माणूस हवा असतो. इथे तुझा बँड कामाला येतो! होखशूलेतले कित्येक हुशार वादक बास गिटारला हात लावत नाहीत आणि मग तासांसाठी तरसतात.

पूर्वी या शाळा शिक्षकांना तासावर ठेवायच्या, सुट्टीत पगार नाही, आजारी पडलास तर पगार नाही. एका शाळेने मला असंच ठेवलं होतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी डाळभातावर. २०२२ मध्ये इथल्या सर्वोच्च सामाजिक न्यायालयाने (सामाजिक विम्याचे खटले चालतात ते) हेरेनबर्ग गावच्या शाळेच्या एका पियानो शिक्षिकेच्या केसमध्ये निकाल दिला की ही नोकरीच आहे, फ्रीलान्स नाही, तेव्हापासून बऱ्याच शाळा रीतसर कॉन्ट्रॅक्ट द्यायला लागल्यात. काही शाळांनी त्यापायी तासच कमी केले, तेही खरं. पण व्हिसासाठी पगाराची स्लिप असणं फार मोठी गोष्ट आहे.

त्यावरून आठवलं, शिकत असताना वर्षाला १४० पूर्ण दिवस नोकरी करता येते, पण फ्रीलान्स काम त्यात आपोआप बसत नाही, त्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. हे महत्त्वाचं कारण आपल्या वाद्याची खरी कमाई चर्चमध्ये आहे. नाताळाआधी बाखचा ख्रिसमस ओरेटोरिओ, ईस्टरआधी पॅशन, ही गायक आणि ऑर्केस्ट्रा मिळून करायची मोठी धार्मिक कामं, गावोगावच्या चर्चना व्हायोलिनवाले मिळतात, बासवाला मिळत नाही, आणि बासशिवाय ते चालत नाही. परवानगी हातात असेल तर डिसेंबर आणि मार्च चांगले जातात. कंटिन्युओ, म्हणजे गाण्याखाली सतत चालणारी बासची साथ, वाजवायला शिक, नोटा सोप्या दिसतात पण गायकाच्या श्वासाबरोबर जाणं सोपं नाही.

पैसे. बहुतेक सरकारी होखशूलेला फी जवळजवळ नाही, सेमिस्टरचा किरकोळ आकार असतो, पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १५०० युरो पडतात, आणि इतरत्रही काही होखशूले त्यांच्याकडून फी घेतात. त्याशिवाय व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याखाण्याचे पैसे आधीच खात्यात अडकवून ठेवायचे, सध्या वर्षाचे ११,९०४ युरो, आणि एपीएसचं सर्टिफिकेट, म्हणजे आपल्या डिग्र्या तपासल्याचा दाखला, त्याला वेळ लागतो म्हणून लवकर टाक. जर्मन भाषा शिकायला काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनापर्यंत जायला वेळ नसेल तर ऑनलाइन कर पण कर, प्रोफेसर इंग्रजी बोलेल, सात वर्षांचं पोरगं नाही बोलणार.

तुझा प्लायवूडचा बास नेऊ नकोस. कार्गोच्या खर्चात तिथे भाड्याने चांगला मिळतो, काही होखशूले स्वतःच वापरायला देतात. आणि मुंबईच्या दमट हवेत मुरलेल्या बासचे सांधे तिथल्या हिवाळ्यात हीटर लागला की उकलू शकतात. बो ने, फक्त जुना असेल तर टोकाला हस्तिदंत नाही ना ते बघ, कस्टम्समध्ये अडकशील.

आणि हो, कोणीतरी मामा-काका झुबिन मेहतांचं उदाहरण देणारच. १९५४ मध्ये ते मुंबईहून व्हिएन्नाला गेले, कंडक्टिंग शिकले आणि तिथे वाद्य म्हणून डबल बासच वाजवायचे, हे खरंय. पण त्यांच्या घरात वडील मेहली मेहतांनी स्वतः बॉम्बे सिंफनी उभी केली होती. तुझ्या घरात सध्या बास ठेवायला जागा नाही म्हणून तो बाल्कनीत आहे, आधी तो आत घे, पावसाळा येतोय.

जर्मन बोवर पाचव्या सिंफनीचा ट्रिओ मेट्रोनोम लावून, हळू टेम्पोत रेकॉर्ड करून पाठव. तो ऐकल्यावर कुठल्या प्रोफेसरना लिहायचं ते सांगते.