टेम्प्लेटवरून काढलेल्या पाचही मशीनना एकच आयपी पत्ता का मिळतो

उबुंटू लिनक्सच्या क्लाउड इमेजमध्ये (आभासी मशीनसाठी तयार मिळणाऱ्या डिस्क-फाइलमध्ये) आपण व्हर्ट-कस्टमाइझ (बंद इमेजच्या आत बदल करणारे साधन) वापरून गेस्ट एजंट (मशीनच्या आत राहून यजमान संगणकाशी बोलणारा प्रोग्राम) बसवला, तिचे टेम्प्लेट (नकला काढण्याचा नमुना) केले, त्यावरून पाच आभासी मशीन काढली, आणि मॅक पत्ते (नेटवर्क कार्डांचे क्रमांक) वेगवेगळे असूनही डीएचसीपी सर्व्हर (नेटवर्कवर आयपी पत्ते वाटणारा) पाचही मशीनना एकच आयपी पत्ता देतो, असे आपण लिहिले आहे. सर्व्हरची सेटिंग तपासण्यात वेळ घालवू नये. दोष टेम्प्लेटमध्ये आहे आणि तो बहुधा गेस्ट एजंट बसवतानाच आत शिरला आहे.

लिनक्सच्या ईटीसी डिरेक्टरीत मशीन-आयडी नावाची एक छोटी फाइल असते व तिच्यात ३२ षोडशमान अंकांची एकच ओळ असते. उबुंटू सर्व्हरवर नेटवर्क सांभाळणारे सिस्टमडी-नेटवर्कडी डीएचसीपीकडे पत्ता मागताना स्वतःची ओळख मॅक पत्त्यावरून नव्हे, तर या ओळीवरून तयार करून सांगते. त्यामुळे ही ओळ ज्यांच्यात सारखी आहे, ती पाच मशीन सर्व्हरच्या लेखी एकच ठरतात. क्लाउड इमेजमध्ये ही फाइल सहसा रिकामीच ठेवलेली असते. परंतु व्हर्ट-कस्टमाइझला ती रिकामी आढळली, तर ते काम सुरू करण्यापूर्वी तिच्यात एक यादृच्छिक आयडी लिहून टाकते, कारण काही वितरणांत कर्नल पॅकेजची स्क्रिप्ट आयडीशिवाय अपयशी ठरते. कमांड चालवताना पडद्यावर ‘सेटिंग द मशीन आयडी’ अशी ओळ सरकून जाते ती हीच. मीही ती कित्येक महिने न वाचताच पुढे जात होतो.

उपाय एका पर्यायाचा आहे. व्हर्ट-कस्टमाइझच्या त्याच कमांडमध्ये इन्स्टॉलच्या नंतर, अगदी शेवटी, ट्रंकेट हा पर्याय देऊन ही फाइल रिकामी करावी. पर्याय दिलेल्या क्रमाने अमलात येतात, म्हणून त्याची जागा महत्त्वाची आहे. फाइल पुसून मात्र टाकू नये: ती अजिबात नसेल तर सिस्टमडी (लिनक्स सुरू करून सर्व्हिस चालवणारी प्रणाली) त्या बूटला ‘पहिला बूट’ समजते आणि सर्व्हिसच्या प्रीसेट (कोणती सर्व्हिस आपोआप सुरू व्हावी याच्या मूळ याद्या) नव्याने लागू करते, त्यामुळे आपण मुद्दाम बंद केलेली एखादी सर्व्हिस पुन्हा सुरू झालेली दिसू शकते. फाइल असूनही रिकामी असेल, तर आयडी तेवढा नवा मिळतो. व्हार-लिब-डीबसमधील मशीन-आयडीही पाहावी. ती मूळ फाइलकडे जाणारी सिमलिंक असेल तर प्रश्न नाही, पण स्वतंत्र फाइल असेल तर सिस्टमडी तिच्यातूनच जुना आयडी उचलते.

मशीन चालू न करता खात्री करायची असेल, तर व्हर्ट-कॅटने इमेजमधील ही फाइल वाचावी. पडद्यावर काहीही उमटले नाही, म्हणजे काम झाले.

मशीनची नक्कल काढणारे व्हर्ट-क्लोन याची काळजी घेईल असा समज बराच आढळतो. ते मॅक पत्ता व यूयूआयडी (मशीनचा अनन्य क्रमांक) बदलते, डिस्कच्या आत हात घालत नाही. आतील सफाई व्हर्ट-सिसप्रेपची: मशीन-आयडी, लॉग आणि एसएसएचच्या होस्ट-की (दूरून लॉगिन करताना मशीनची ओळख पटवणाऱ्या चाव्या) ते काढून टाकते. येथे एक खाच आहे. फेडोराच्या कुळात होस्ट-की पुढच्या बूटला आपोआप तयार होतात, डेबियन-उबुंटूत क्लाउड-इनिट (पहिल्या बूटला मशीनची मांडणी करणारा प्रोग्राम) नसेल तर होत नाहीत, आणि मशीन चालू असूनही एसएसएच जोडले जात नाही. अशा वेळी फर्स्टबूट-कमांड (पहिल्या बूटला आज्ञा चालवणे) या पर्यायातून ओपनएसएसएच-सर्व्हर पॅकेजचे डीपीकेजी-रीकॉन्फिगर करवून घ्यावे, म्हणजे होस्ट-की नव्याने तयार होतात. रन या पर्यायात दिलेली स्क्रिप्ट गेस्ट (आभासी मशीन) बंद असतानाच चालते, म्हणून तेथे सर्व्हिस ‘एनेबल’ (पुढच्या बूटला सुरू व्हावी अशी) करता येते, ‘स्टार्ट’ करता येत नाही.

आपली पाच मशीन जर क्यूकाऊ२ ओव्हरले (मूळ इमेजपेक्षा वेगळे झालेले ब्लॉक तेवढे साठवणाऱ्या फाइल) म्हणून मूळ इमेजवर उभी असतील, तर वरील दुरुस्ती त्या मूळ फाइलवर करू नये. मी एकदा केवळ सुरक्षा-अद्यतने टाकण्यासाठी बेस इमेजवर व्हर्ट-कस्टमाइझ चालवले; खालचे ब्लॉक बदलले, वरच्या ओव्हरलेंना त्याचा पत्ता नव्हता, आणि पुढच्या बूटला तीन मशीनच्या फाइलसिस्टिम नादुरुस्त निघाल्या. तेव्हापासून बेस फाइल तयार होताच मी तिला केवळ-वाचनाची परवानगी ठेवतो व बदल हवा असल्यास नव्या नावाने नवी प्रत करतो. चालू मशीनच्या डिस्कवर बदल करणारी ही साधने चालवण्याचाही परिणाम तसाच होऊ शकतो.

सध्याची पाच मशीन फेकून देण्याची गरज नाही. प्रत्येकीच्या कन्सोलवरून दोन्ही ठिकाणची मशीन-आयडी काढावी, लगेच सिस्टमडी-मशीन-आयडी-सेटअप चालवावे, म्हणजे नवी फाइल रीबूटपूर्वीच तयार होते, आणि मग रीबूट करावे. डीबसच्या जागी सिमलिंक होती, तर तीही पुन्हा जोडावी. जुनी लीज (दिलेल्या पत्त्याची नोंद) सर्व्हरवरून काढून टाकली, की पाच वेगळे पत्ते दिसू लागतील.