फेसबुक, व्हॉट्सॲप, एक्स, यूट्यूबवर विखुरलेल्या एकाच विषयावरच्या चर्चेचा माग कसा ठेवायचा?

मी निफाड तालुक्यातला कांदा उत्पादक. आमच्याकडे एकच बातमी सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, दुपारी फेसबुकवर तिच्यावरून भांडणं होतात, संध्याकाळी यूट्यूबवाले व्हिडिओ टाकतात. त्यामुळे तुमची अडचण चांगलीच कळते. माझं म्हणणं एवढंच की सगळं वाचायच्या मागे लागू नका. चर्चा ज्या कागदावरून किंवा विधानावरून पेटली, ते आधी गाठा.

फेब्रुवारी २०२४ चंच बघा. कांदा निर्यातबंदी ७ डिसेंबर २०२३ च्या अधिसूचनेने लागली होती, मुदत ३१ मार्चची. १८ फेब्रुवारीच्या सुमारास 'बंदी उठली' अशी बातमी सुटली. लासलगावला भाव क्विंटलमागे १२८० वरून १८०० रुपयांवर गेला. २० तारखेला केंद्राच्या ग्राहक व्यवहार सचिवांनी सांगितलं, बंदी कायम आहे. बंदी उठवणारी डीजीएफटीची (केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाची) अधिसूचना निघालीच नव्हती! ती निघाली मे महिन्यात, टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य लावून. मधल्या काळात कोणी माल थांबवला, कोणी घाईने काढला. हे नुकसान खरं असतं, म्हणून मी याबाबतीत फार काटेकोर आहे.

माझी एक साधी गूगल शीट आहे. तारीख, कुठे दिसलं, मूळ कोणाचं, लिंक, आणि शेवटचा रकाना 'कागद मिळाला का?'. तो रिकामा असेल तर ती नोंद माझ्या लेखी अफवाच.

व्हॉट्सॲपवर जास्त लक्ष द्या. फॉरवर्ड झालेल्या मेसेजला मूळ तारीख नसते, त्यामुळे जुनं पत्र नवं म्हणून सहज फिरतं; फोटो मोठा करून अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख वाचा. मेसेजवर फॉरवर्डचे दोन बाण दिसले तर तो बऱ्याच हातांतून आलाय. कामाचं वाटलं की लगेच स्वतःच्याच नंबरवर पाठवून ठेवा, ग्रुपात नंतर सापडत नाही.

यूट्यूब चॅनेल फीडलीसारख्या फीड रीडरमध्ये (नव्या पोस्ट एकाच जागी दाखवणारं ॲप) जोडता येतात. एक्सच्या ॲडव्हान्स्ड सर्चमध्ये तारखा टाकून आधी कोण बोललं ते काढता येतं. पोस्ट उडेल असं वाटलं तर वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवणारी साइट) जतन करा. फेसबुकचं पान तिथे धड साठत नाही, तिथे तारखेसकट स्क्रीनशॉटच बरा.

पैसे देऊन ट्रॅकिंग टूल घ्यायचा विचार असेल तर थांबा. खाजगी ग्रुप त्यांना दिसत नाहीत आणि आपल्याकडची निम्मी चर्चा तिथेच चालते. फेसबुकचं क्राउडटँगल हे पोस्टचा माग काढणारं टूलसुद्धा ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झालं.

तुमचा विषय कोणता ते लिहा. भरती-परीक्षांचा असेल तर मूळ परिपत्रक आयोगाच्या साइटवर मिळेल, बाजारभावाचा असेल तर बाजार समितीकडे. शीटचे रकाने त्याप्रमाणे थोडे बदलावे लागतील.