क्षमता, कौशल्य, निष्पत्ती: पालकसभेच्या सूचनेत काय लिहावे?

ऐरोलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे: पालकसभेच्या सूचनेत ‘कौशल्याधारित व व्यक्तिनिष्ठ शिक्षण’ असे छापायचे ठरले आहे. कॉम्पिटन्सी-बेस्ड आणि पर्सनलाइज्ड या शब्दांसाठी हे चालेल का?

दोन्ही शब्द बदलावेत. त्यातला ‘व्यक्तिनिष्ठ’ तर नक्कीच. हा ‘वस्तुनिष्ठ’च्या विरुद्धचा शब्द, तपासणाऱ्याच्या मतावर अवलंबून असणारे, असा त्याचा अर्थ. मुलांचे मूल्यमापन बाईंच्या मर्जीवर होणार, असे पालक वाचतील. ‘वैयक्तिक शिक्षण’ चुकीचे नाही, पण त्यातून खासगी शिकवणीचा भास होतो. मराठीत ‘दिवसागणिक’, ‘घरागणिक’ हे शब्द रुळलेले आहेत. त्याच वळणाने ‘मुलागणिक शिक्षण’ म्हणावे. प्रत्येक मुलाची गरज पाहून, हा अर्थ त्यात आपोआप येतो.

आता ‘कौशल्य’. हा शब्द हातोटीचा आहे. सुबक अक्षर, मातीकाम, नकाशा भरणे ही कौशल्ये. कॉम्पिटन्सीत मात्र ज्ञान, कौशल्य आणि ते योग्य जागी वापरण्याची समज असे तिन्ही येते. त्यासाठी ‘क्षमता’ हा शब्द शिक्षणक्षेत्रात मुरलेला आहे. महाराष्ट्राचा १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम ‘क्षमताधिष्ठित’ म्हणूनच ओळखला जाई. गडकरी रंगायतनची आसनक्षमता म्हणतो तिथे याच शब्दाचा अर्थ सामावून घेण्याची मर्यादा असा होतो, म्हणून पालकांसाठी एखादे उदाहरण जोडावे. ‘क्षमताधारित’ टाळावे. संधी नियमात बसतो, पण वाचताना क्षमता + धारित असा तुटतो.

‘अध्ययन निष्पत्ती’ (लर्निंग आउटकम), म्हणजे शिकल्यावर मूल काय करून दाखवते ते, ही क्षमतेच्या खालची पायरी. २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही उद्दिष्टे, मग क्षमता, मग निष्पत्ती अशीच उतरंड आहे. निष्पत्ती डोळ्यांना दिसली पाहिजे. म्हणून ‘मुलाला वजाबाकी समजते’ ही निष्पत्ती नव्हे. ‘दोन अंकी संख्यांची हातच्याची वजाबाकी मूल करते आणि कशी केली ते सांगते’ ही निष्पत्ती. वाक्याचे क्रियापद करते, सांगते, मोजते, निवडते असे असावे.

५२ वजा २७ घ्या. दोन मुलांनी ३५ लिहिले. दोघांना सारखीच फुली, सारखेच शून्य गुण. पण एकाने एककात ‘मोठ्यातून लहान’ म्हणून ७ मधून २ वजा केले. दुसऱ्याने दशक सुटा करून १२ मधून ७ बरोबर काढले, पण दशकाचे ५ तसेच ठेवले. या उदाहरणात फरक दिसतच नाही, कारण दोन्हीकडे एककात ५ येतात. ५३ वजा २७ द्या. पहिला ३४ लिहील, दुसरा ३६. पहिल्याच्या हातात दहा काड्यांचा गठ्ठा देऊन तो सोडायला लावावा. दुसऱ्याला एवढीच सवय हवी: दशकावर काट मारून वर ४ लिहायचे. दोघांना एकच सरावपत्रिका दिली तर पहिला चुकीचीच रीत घोटत बसतो. ‘मुलागणिक’चा अर्थ इथे दिसतो. प्रत्येकाला वेगळा धडा नको, प्रत्येकाच्या चुकीचे कारण वेगळे शोधायला हवे.

शुद्धलेखनाचे एक: सुटा शब्द ‘निष्पत्ती’ दीर्घ, पण समासात आधी आला की ऱ्हस्व, ‘निष्पत्तिदर्शक’. ‘व्यक्ती’ आणि ‘व्यक्तिनिष्ठ’ यांचेही तसेच.

सूचनेसाठी मजकूर असा घ्यावा: ‘आमच्या शाळेत क्षमताधिष्ठित आणि मुलागणिक शिक्षण दिले जाते. आपले मूल काय करू शकते आणि कुठे अडते, हे सभेत त्याच्या वहीतूनच दाखवले जाईल.’ सभेच्या दिवशी वह्या वर्गातच ठेवून घ्यायला विसरू नये.