बाप्तिस्म्यानंतरचा सोमवार

प्रश्न : बाप्तिस्मा होऊन आठ महिने झाले. बायबलचे रोज तीन अध्याय वाचायचे ठरवून उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात केली, महिन्याभरात लेवीय या तिसऱ्या पुस्तकावर अडकलो. घरात राग पूर्वीसारखाच येतो. माझा विश्वास खोटा आहे का?

उत्तर : नाही. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमचे ४० अध्याय, म्हणजे रोज तीन वाचले की ३१व्या दिवशी लेवीय येतंच. होमार्पणाचे नियम नव्या वाचकाला जड जातात, त्यात तुमचा दोष नाही. मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्कनं लिहिलेली येशूची कथा घ्या, अध्याय १६च आहेत. रोज पंधरा-वीस वचनं, तीही मोठ्यानं. त्यातलं एक वचन वहीत उतरवा आणि त्याखाली आज करायची एकच गोष्ट लिहा. ‘प्रेमळ व्हायचं’ असं लिहू नका, ते संध्याकाळी तपासता येत नाही. ‘जेवताना आईवर आवाज चढवायचा नाही’ हे तपासता येतं.

रागाचं म्हणाल तर बाप्तिस्म्यानं नातं नवं होतं, सवयी मात्र हळूहळू सुटतात. आवाज चढलाच तर देवाजवळ कबुली द्या, पण तिथंच थांबू नका. मत्तयकृत शुभवर्तमानात (५:२३-२४) येशू अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला सांगतो. म्हणून त्याच दिवशी आईसमोर बसा, ‘मी चुकलो’ म्हणा. ‘पण तूसुद्धा...’ जोडलंत की माफी फुकट गेली.

रविवारची उपासना चुकवू नका. चर्चच्या मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला ती वही आठवड्यातून एकदा दाखवा. एकट्यानं चालवलेला नेम फार लवकर मोडतो.